लहान म्हणून टाकलं, की शून्यच होतं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं, की गणिताचं एक जग असं आहे जिथे काही राशींचा वर्ग शून्य असतो, तरी त्या सगळ्याच्या सगळ्या शून्य आहेत असं म्हणता येत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. विषय माझ्या फार जवळचा आहे, तेव्हा उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. वर्तुळाची त्रिज्या 'डी-आर'ने वाढली तर क्षेत्रफळ किती वाढतं, हे फळ्यावर काढताना दोन पदं येतात. त्यातलं डी-आरच्या वर्गाचं पद 'फार लहान आहे, सोडून द्या' असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, लहान म्हणून टाकायचं तर पहिलं पदही लहानच आहे, ते का ठेवलं?" तिला काय सांगू? (बार्शी)

उत्तर : सर, आधी तिला माझी शाबासकी सांगा. हा प्रश्न १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या आयरिश बिशपने न्यूटनच्या पद्धतीवर घेतलेल्या आक्षेपाचा सख्खा भाऊ आहे. त्याचं म्हणणं : तुम्ही आधी वाढ शून्य नाही असं धरून तिने भागता आणि मग तीच वाढ शून्य धरून पुसून टाकता. मग या राशी म्हणजे गेलेल्या राशींची भुतं म्हणायची का, असं त्याने विचारलं होतं. तो खोडसाळपणा नव्हता. त्याचं पूर्ण समाधान करायला गणिताला शंभरावर वर्षं लागली.

पहिलं पद म्हणजे २×पाय (π)×त्रिज्या×वाढ, दुसरं म्हणजे पाय×वाढ×वाढ. आकडे घालून बघू. त्रिज्या १० सेंटिमीटर, वाढ ०.१ सेंटिमीटर. पहिलं पद साधारण ६.२८, दुसरं ०.०३१४. पहिलं दुसऱ्याच्या २०० पट. वाढ ०.००१ केली तर पहिलं ०.०६२८ आणि दुसरं ०.०००००३१४ च्या आसपास. आता २०,००० पट. म्हणजे दोन्ही लहान होतात, पण दुसरं पहिल्याच्या तुलनेतही लहान होत जातं. तिला वर्गात एवढं सांगितलं तरी चालेल. पण ती हुशार आहे, ती पुढे म्हणेल, "तुलनेत लहान आहे, शून्य तर नाही ना?" आणि ते खरं आहे. इथे प्रामाणिकपणे दोनच वाटा राहतात.

पहिली वाट लिमिटची. एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरस्ट्रास या गणितज्ञांनी ती बांधून काढली आणि आपण सगळे तिच्यावरूनच चालत आलो. तिथे डी-आर ही स्वतंत्र राशी नसतेच, गुणोत्तर कुठे सरकतं आहे एवढंच बोलायचं.

दुसरी वाट म्हणजे नियम उघड मांडायचा : अशा काही राशी आहेत ज्यांचा वर्ग नेमका शून्य आहे. 'जवळजवळ' शून्य असं नाही, नेमका. बर्नार्ड निउवेंटाइट या डच डॉक्टरने १६९० च्या दशकात हेच सुचवलं होतं. लायबनिट्सला ते पटलं नाही आणि त्याने १६९५ मध्ये त्याला जाहीर उत्तर दिलं. ती कल्पना मग जवळपास पावणेतीनशे वर्षं पडून राहिली. १९६७ मध्ये विल्यम लॉव्हिअर या अमेरिकन गणितज्ञाने शिकागोत दिलेल्या व्याख्यानांमधून ती नव्याने उभी राहिली, आणि डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या अँडर्स कॉक यांनी १९८१ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. या शाखेला सिंथेटिक डिफरन्शियल जॉमेट्री म्हणतात.

अशा राशीला मी 'लव' म्हणते आणि 'ल' लिहिते. लव म्हणजे ल×ल = ०. या जगाचा पायाभूत नियम एवढाच : लवांवर जे कुठलं फंक्शन द्याल ते अ + ब×ल या रूपाचंच असतं, आणि हे अ आणि ब एकमेव असतात. म्हणजे पुरेशा जवळून पाहिलं तर प्रत्येक वक्ररेषेचा इवलासा तुकडा सरळच असतो, आणि तो 'ब' म्हणजेच रेषेचा चढ, आपला डेरिव्हेटिव्ह. यातून एक कामाचा नियम निघतो : *सगळ्या* लवांसाठी ब×ल = क×ल असेल, तर ब = क. 'सगळ्या' या शब्दावर बोट ठेवा. एका सुट्या लवाने भागता येत नाही, सगळ्यांनी मिळून मात्र ल काढून टाकता येतो.

आता तुमचं वर्तुळ. त्रिज्या त्र वरून त्र + ल झाली. वर्ग केला : त्र×त्र + २×त्र×ल + ल×ल. शेवटचं पद शून्य आहे. मी ते टाकलेलं नाही, ते नाहीच. त्यामुळे क्षेत्रफळातली वाढ बरोबर २×पाय×त्र×ल, आणि ल काढला की २×पाय×त्र, म्हणजे परीघ. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला इथे सरळ उत्तर मिळतं : पहिलं पद ठेवलं कारण ते शून्य असल्याचं कुठेच म्हटलेलं नाही, दुसरं गेलं कारण ते शून्य आहे. लहान-मोठ्याचा त्यात संबंधच नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी कलनावर (कॅल्क्युलसवर) मराठीत 'शून्यलब्धिगणित' लिहिलं, तो शब्द मला या नियमापाशी नेहमी आठवतो. आज तो वापरातून गेला याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : मॅडम, ल×ल = ० असेल तर ल = ० च असणार ना? ल शून्य नसेल तर दोन्ही बाजूंना ल ने भागलं की ल = ० येतं. हे तर शाळेतलं गणित आहे. (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : तुझा युक्तिवाद अगदी बरोबर आहे, फक्त तो कुठल्या संख्यांबद्दल आहे ते बघ. शून्य सोडून प्रत्येक संख्येने भागता येतं, अशा जगात तो चालतो. तसं नसलेली जगं तू रोज वापरतेस.

हिशेबात फक्त पैशांचा रकाना ठेवायचा, शंभर झाले की सोडून द्यायचे, असं समज. मग १०×१० = १००, म्हणजे रकान्यात ००. दहा तर शून्य नाहीत. किंवा पहिल्या वर्षाला शिकलेलं मॅट्रिक्स घे : वरच्या ओळीत ०, १, खालच्या ओळीत ०, ०. स्वतःलाच गुण. चारही जागी शून्य येतं. याला न म्हणू. न शून्य नाही, न चा वर्ग शून्य आहे. आता अ + ब×न अशा संख्या घे आणि दोन गुणून बघ :

(अ + ब×न) × (क + ड×न) = अ×क + (अ×ड + ब×क)×न

कंसात काय आलं ते ओळखलंस? दोन फंक्शनांच्या गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम. कोणी पाठ करायला न सांगता तो गुणाकारातूनच बाहेर पडला. या संख्यांना ड्युअल नंबर म्हणतात. १८७३ मध्ये विल्यम क्लिफर्डने त्या मांडल्या.

पण तुझ्या प्रश्नात याहून खोल एक गाठ आहे, आणि तिच्यात मी स्वतः अडकले होते. एम.फिल.ला असताना आमच्या गाइडनी मला कॉक यांच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली. पहिल्याच प्रकरणात मी थांबले आणि तीन आठवडे पुढे सरकले नाही. मला अडवणारा युक्तिवाद हा.

एक फंक्शन घे : ल शून्य असेल तर किंमत ०, ल शून्य नसेल तर किंमत १. नियमाप्रमाणे ते अ + ब×ल या रूपाचं असलं पाहिजे. ल = ० घातलं की अ = ०. म्हणजे फंक्शन ब×ल. समज, एखादा लव खरोखर शून्य नाही. मग त्याच्यासाठी ब×ल = १. दोन्ही बाजूंचा वर्ग कर : डावीकडे ब×ब×ल×ल, म्हणजे ०. उजवीकडे १. शून्य म्हणजे एक! म्हणून शून्य नसलेला असा एकही लव असू शकत नाही. बरं, मग सगळे लव शून्यच आहेत असं म्हणू? तसं म्हटलं तर ब काहीही असला तरी ब×ल शून्यच येणार, मग 'ब एकमेव' हा नियम मोडला.

रात्री हॉस्टेलच्या खोलीत मी हे पुन:पुन्हा लिहून काढत होते आणि दर वेळी वाटायचं की सगळं शास्त्रच कोसळलं. चौथ्या आठवड्यात गाइडनी मला एकच प्रश्न विचारला : "ते फंक्शन तू बनवलंस कसं?" आणि लख्ख दिसलं. 'ल शून्य असेल तर' आणि 'नसेल तर' असे दोन कप्पे करताना मी गृहीत धरलं होतं, की प्रत्येक लव यातल्या एका कप्प्यात पडतोच. हा तर्कशास्त्रातला मधली वाट नाकारणारा नियम : एक तर हो, नाही तर नाही. या जगात तो सरसकट वापरता येत नाही. नियम नसला की ते फंक्शनच बनत नाही, आणि विसंगतीही उरत नाही.

ही या शाखेची किंमत आहे आणि ती लपवू नये. 'सगळे लव शून्य आहेत' हे इथे खोटं आहे, आणि 'हा लव शून्य नाही' हे कुठल्याही एका लवाबद्दल सिद्ध करता येत नाही. दोन्ही एकाच वेळी. ब्राउवर आणि हाइटिंग या डच गणितज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या तर्काची मांडणी केली, तो इथे कामाला येतो. अनेकांना वाटतं की त्यात विसंगतीने सिद्धता देताच येत नाही. तसं नाही. '२ चं वर्गमूळ परिमेय मानू, विसंगती आली, म्हणून ते परिमेय नाही' हे इथेही चालतं. चालत नाही ते एवढंच : 'असं नाही असं नाही, म्हणून आहे'.

प्रश्न : नियम मांडायला काय लागतं? असं जग खरंच 'आहे' कशावरून? नाही तर उद्या कोणी त्यातून ० = १ काढून दाखवेल. (एम.एस्सी. गणित, पुणे)

उत्तर : मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. नियम कोणीही लिहील. तो पाळणारी एक तरी वस्तू बांधून दाखवली की मगच बोलणं खरं. ही बांधणी बीजगणिताची आहे.

सुरुवात आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञापासून करू. (हेच वेल तरुणपणी, १९३० ते १९३२, अलिगढला गणित शिकवायला होते.) १९५३ मध्ये त्यांनी 'जवळचे बिंदू' या कल्पनेवर एक लेख लिहिला. त्यातली कल्पना अशी : अतिसूक्ष्म आकार काढून दाखवायचा प्रयत्नच करू नका. त्या आकारावर कोणकोणती फंक्शनं असू शकतात त्यांची बीजगणिती यादी द्या. ती यादी म्हणजेच तो आकार. प्रत्येक घटक म्हणजे एक साधी वास्तव संख्या अधिक असा एक भाग, जो काही वेळा स्वतःशी गुणला की शून्य होतो. आणि सगळं मिळून मोजक्याच आकड्यांत मावतं. यांना आता वेल अल्जिब्रा म्हणतात.

सगळ्यात साधी वेल अल्जिब्रा वर आलीच : अ + ब×न. दोन आकडे. वर्गाऐवजी घन शून्य धरला तर तीन आकडे लागतात, आणि चढासोबत वक्रताही हाताशी येते. पण खरी गंमत दोन लवांपाशी आहे, तिथे थोडं थांबू.

ल आणि म, दोघांचेही वर्ग शून्य. त्यांची बेरीज लव आहे का? वर्ग करा : ल×ल + २×ल×म + म×म = २×ल×म. हे शून्य आहे का? माझ्या वर्गात अर्धी मुलं पटकन हो म्हणायची, कारण दोघंही इतके लहान. पण समजा सगळ्या ल आणि म साठी ल×म = ० आहे. म्हणजे सगळ्या म साठी ल×म = ०×म. म काढा : ल = ०, आणि तेही प्रत्येक ल साठी. म्हणजे १×ल = ०×ल. ल काढा : १ = ०. तेव्हा ल×म हे सरसकट शून्य धरताच येणार नाही, आणि दोन लवांची बेरीज लव असेलच असं नाही.

बीजगणितात हा फरक डोळ्यांना दिसतो. ल आणि म मोकळे ठेवले तर यादीत १, ल, म आणि ल×म अशी चार पदं येतात. ल×म = ० अशी जादा अट घातली तर तीनच. चार आकड्यांचा तो इवलासा चौकोन, तीन आकड्यांची ती नुसती दोन दिशांची फुली. दुसरा डेरिव्हेटिव्ह त्या चौथ्या पदात राहतो, फुलीत त्याला जागाच नाही. लायबनिट्सला निउवेंटाइटचं म्हणणं का पटलं नसावं हे मला इथे कळलं. निउवेंटाइट दुसऱ्या पातळीच्या राशी मुळातच नाकारत होता, आणि लायबनिट्सला त्या हव्या होत्या. एका लवाचा वर्ग शून्य ठेवूनही त्या दोन वेगळ्या लवांच्या गुणाकारातून मिळतात, हे दोघांनाही दिसलं नाही.

आता बहुपदींच्या पलीकडे, साइन-कोसाइनसारख्या गुळगुळीत, म्हणजे हवे तितके वेळा डेरिव्हेटिव्ह काढता येणाऱ्या फंक्शनांचं काय? तिथे आदमार या गणितज्ञाचं एक जुनं उपप्रमेय मदतीला येतं. कुठलंही गुळगुळीत फंक्शन शून्यापाशी असं फोडता येतं : किंमत, अधिक चढ × क्ष, अधिक क्ष चा वर्ग × दुसरं एक गुळगुळीत फंक्शन. क्ष चा वर्ग शून्य धरला की शेवटचा सगळा ढीग जातो आणि पहिले दोन आकडे उरतात. अख्ख्या रेषेवरच्या गुळगुळीत फंक्शनांचा एवढा पसारा, आणि त्यातून निघाली तीच अ + ब×न. म्हणजे ड्युअल नंबरचं जग आणि कलनाचं जग इथे एकमेकांना बरोबर बसतात.

यापुढची पायरी मोठी आहे, तिची रूपरेषाच देते. अशा सगळ्या अल्जिब्रा घ्यायच्या, प्रत्येकीला एक 'आकार' मानायचं, अल्जिब्रांमधल्या फंक्शनांचे बाण उलटे करायचे आणि त्यांच्यापासून टोपॉस नावाचं एक पूर्ण गणिती विश्व उभारायचं. ग्रोथेंडीक या गणितज्ञाने बैजिक भूमितीत (समीकरणांनी बनलेल्या आकारांच्या अभ्यासात) अशा शून्य होणाऱ्या राशींना आधीच मानाचं स्थान दिलं होतं, त्यामुळे वाट तयार होती. १९७९ मध्ये एदुआर्दो दुबूक यांनी असं एक विश्व दिलं, ज्यात नेहमीचे सगळे गुळगुळीत पृष्ठभाग जसेच्या तसे बसतात. मूरडाइक आणि रेयेस यांनी १९९१ मध्ये अशा अनेक विश्वांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. तुमच्या शंकेचं उत्तर इथे आहे : ही विश्वं नेहमीच्या गणितातून बांधलेली आहेत, तेव्हा नेहमीचं गणित शाबूत असेल तर लवांच्या नियमांतून ० = १ निघणार नाही.

नांदेडच्या मुलीनेही हे वाचावं. त्या विश्वात लवांच्या आकारात शिरून बिंदू शोधायला गेलात तर एकच सापडतो, शून्य. पण त्याच आकारावरची फंक्शनं मोजली तर दोन आकडे लागतात, एका बिंदूला लागतो त्यापेक्षा एक जास्त. तो जास्तीचा आकडा म्हणजे दिशा. बिंदू एक, पण त्याला एक दिशा चिकटलेली. म्हणूनच इथे पृष्ठभागावरची स्पर्शिका म्हणजे या छोट्या आकाराकडून पृष्ठभागाकडे गेलेलं एक फंक्शन, बस. कॉलेजात मी हीच व्याख्या लिमिट आणि चार्ट (पृष्ठभागाच्या तुकड्यांचे नकाशे) घेऊन दीड पान लिहायचे.

प्रश्न : याचा व्यवहारात उपयोग? (सॉफ्टवेअर, हिंजवडी)

उत्तर : तुमच्याच क्षेत्रात आहे. क्ष×क्ष + ५×क्ष याचा ३ पाशी चढ हवा आहे. क्ष च्या जागी ३ + न घाला. वर्ग ९ + ६×न, दुसरं पद १५ + ५×न, बेरीज २४ + ११×न. किंमत २४, चढ ११. ०.०००१ एवढी वाढ घेऊन, वजाबाकी करून, भागून जो अंदाज काढतात त्यात राउंडिंगची चूक शिरते. इथे अंदाज नाहीच. ऑटोमॅटिक डिफरन्शिएशनची, म्हणजे प्रोग्रॅमकडूनच डेरिव्हेटिव्ह काढून घेण्याची, 'फॉरवर्ड' पद्धत हीच.

प्रश्न : भास्कराचार्यांना हे माहीत होतं असं ऐकलं. (निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी)

उत्तर : सिंथेटिक डिफरन्शियल जॉमेट्री माहीत नव्हती, आणि तसं म्हणून त्यांचा मान वाढत नाही. त्यांनी जे केलं ते स्वतःच्या पायावर उभं आहे. लीलावतीत नियम आहे, 'शून्ये गुणके जाते खं हारश्चेत्पुनस्तदा राशिः अविकृत एव ज्ञेयः'. शून्याने गुणलं आणि पुढे शून्यानेच भागायची वेळ येणार असेल, तर राशी तशीच ठेवा, घाईने पुसू नका. ग्रहांच्या गतीसाठी त्यांनी 'तात्कालिकी' गती, म्हणजे त्या क्षणाची गती, वेगळी काढली, ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत. पण वर्ग शून्य असलेली राशी त्यांनी मांडलेली नाही आणि तर्काचा नियमही बदललेला नाही. शून्य लगेच न पुसता हिशेब संपेपर्यंत सांभाळण्याची ती काळजी मात्र मला फार मोलाची वाटते. चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. रत्नागिरीहून लांब पडेल, पण जरूर जाऊन या.

पुढच्या अंकासाठी सर्वांना एक गणित. ल, म आणि व हे तीन लव, एकमेकांशी कसलीही अट नाही. (ल + म + व) ही राशी स्वतःशी किती वेळा गुणली की नक्की शून्य होते, आणि त्याच्या आधीच्या पायरीला काय उरतं? पायऱ्या लिहून पाठवा, नुसतं उत्तर नको.